बॅटरीला उजेड नाही : एका तक्रारीची मोजणी

दिवाळीला गावी गेलो तेव्हा तात्यांना एक बॅटरी दिली होती. पुस्तकात तिला विजेरी म्हणतात, शहरात टॉर्च, आमच्याकडे बॅटरीच. मुठीत मावेल एवढी, आत 18650 मापाचा एकच सेल, खोक्यावर 1000 लुमेन (एकूण उजेडाचं माप) लिहिलेलं, किंमत सव्वादोन हजार. महिन्याभराने तात्यांचा फोन. इकडची तिकडची चौकशी झाली आणि शेवटी मुद्द्यावर आले, "तुझ्या बॅटरीला उजेड नाही रं. गड्याने आठवडे बाजारातनं साडेतीनशेची आणलीय, ती मार लांब जाती."

मला हे लागलं. मी चाकणच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो. कुठल्या मशीनवर किती उजेड पडतो, म्हणजे किती लक्स, हे मोजणं हा माझ्या पगाराचाच भाग आहे. त्यात मला कोणी साडेतीनशेच्या बॅटरीवरून हिणवावं! पुढच्या रविवारी उजेड मोजायचा मीटर, मल्टिमीटर आणि टेप घेऊन गाव गाठलं. मीटर माझा स्वतःचा, दीड हजाराचा. पण कारखान्यातल्या कॅलिब्रेट केलेल्या मीटरशेजारी ठेवून, एकाच एलईडी ट्यूबखाली, तपासलेला आहे. दोघांत चार टक्क्यांचा फरक पडतो. दोन बॅटऱ्यांची तुलना करायला तेवढं पुरतं.

गाव जुन्नर तालुक्यात. विहिरीलगत दीड एकर ऊस, घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर. शेतीच्या विजेच्या फीडरला काही दिवस दिवसा लाईट, काही दिवस रात्री, म्हणजे महिन्यातून निम्म्या वेळा मोटर चालू करायला आणि दारं धरायला रात्री जावं लागतं. त्या वेळी तात्यांना दोन प्रकारचं बघायचं असतं. एक पायाखालचं : बांधावर घोणस किंवा मण्यार पडलीय का, पाट कुठे फुटलाय का. दुसरं लांबचं : उसाच्या कडेला काही बसलंय का. हे दुसरं आमच्याकडे गंमतीवारी घेण्यासारखं नाही. जुन्नरच्या उसात बिबट्याची मादी पिल्लं घालते. माणिकडोहला बिबट्यांसाठी वेगळं निवारा केंद्र काढावं लागलं, ते उगाच नव्हे.

खोक्यावरचा आकडा

बाजारच्या बॅटरीच्या खोक्यावर ठळक अक्षरांत 1,00,000 लुमेन छापलेलं होतं. त्याला खोटं ठरवायला मीटर लागत नाही, तोंडी हिशेब पुरतो. चांगल्यातला चांगला पांढरा एलईडी अशा बॅटरीत एका वॅटला फार तर 150 लुमेन देईल. म्हणजे लाखासाठी साधारण 667 वॅट. सेल 3.7 व्होल्टचा, तेव्हा त्यातून 180 अँपिअर ओढावे लागतील. एवढ्या करंटवर मोटारीचा स्टार्टर फिरतो. आणि जमलंच, तर उत्तम प्रतीचा 18650 सेलसुद्धा मिनिटभरात रिकामा होईल. दुसऱ्या बाजूने बघा : मोटारीच्या एच-4 बल्बचा अप्पर 1650 लुमेनचा धरतात. लाख लुमेन म्हणजे तसे साठ बल्ब, अडीच बोटांच्या नळीत.

खरा आकडा किती, याचा अंदाज मल्टिमीटरने येतो. मागची टोपी काढली, मीटर दहा अँपिअरवर लावला, एक टोक सेलच्या बुडाला आणि दुसरं बॉडीच्या कडेला धरलं. बाजारची बॅटरी ओढत होती 0.9 अँपिअर. 3.9 व्होल्टने गुणलं की साडेतीन वॅट. वॅटला 100 लुमेन असा उदार भाव लावला तरी 350 च्या वर काही जात नाही. माझी बॅटरी तीन अँपिअरच्या थोडी वर, म्हणजे बारा वॅट. तिचे 1000 लुमेन पटण्यासारखे होते.

बाजारच्या बॅटरीच्या सेलवर 9900 एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) लिहिलेलं होतं. या मापाचा चांगला सेल 3500 च्या आसपास थांबतो. भावाच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दोन्ही सेल ठेवले : माझा 47 ग्रॅम, तो 31. भाऊ म्हणाला, "म्हणजे यातबी भेसळ?"

छताची चाचणी, जी मी जिंकलो

एकूण उजेड नीट मोजायचा तर आतून पांढरा लेप दिलेला पोकळ गोळा लागतो. उल्ब्रिश्ट नावाच्या जर्मन इंजिनिअरने 1900 च्या सुमारास ती कल्पना प्रत्यक्षात आणली. आत शिरलेला प्रकाश इकडून तिकडे इतक्या वेळा आपटतो की झोत कुठे होता याची खूणच उरत नाही, आणि भिंतीवरच्या एका भोकातून सगळ्याचा अंदाज येतो. गावात गोळा कुठला? पण पांढऱ्या छताची खोली असते. नव्या स्लॅबच्या खोलीत पडदे ओढले, बॅटरी जमिनीवर तोंड वर करून उभी केली, मीटर कॉटवर ठेवला आणि मध्ये वहीचा पुठ्ठा उभा केला, म्हणजे थेट उजेड मीटरवर यायला नको. छतावरून खाली उतरलेला तेवढाच मोजायचा.

या पद्धतीने लुमेन कळत नाहीत, एकीच्या किती पट दुसरी एवढंच कळतं. त्यासाठीही मीटर, कॉट, पुठ्ठा आणि खोलीतली माणसं जागची हलता कामा नयेत. पांढरा शर्ट घालून कोणी जवळ आलं तरी आकडा चढतो. चालू केल्यावर तीस सेकंदांनी आकडे घेतले : माझी 22 लक्स. बाजारची, भिंग आत ढकलून पसरट उजेड केला तर 6, आणि भिंग बाहेर ओढून झोत बारीक केला तर 3.

शेवटचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा. झूम केल्यावर उजेड वाढला असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात भिंग एलईडीपासून लांब गेलं की कडेला पसरणारा उजेड नळीच्या काळ्या भिंतीत जिरतो. एकूण उजेड निम्मा होतो. उरतो तो एका जागी गोळा होतो, एवढंच.

22 ला 6. मी तात्यांकडे बघितलं. तात्या म्हणाले, "छताला बिबट्या येतो का?"

मळ्यात

रात्री दहाला आम्ही दोघं निघालो. तात्या नेहमीसारखे : डोक्याला मफलर, अंगावर जर्किन, माझी बॅटरी घराच्या दारातूनच फुल चालू. बाजारची माझ्या खिशात. विहिरीवर पोचलो. समोर उसाची कड, तिच्या पलीकडे बांधावर बाभूळ, टेपने नाही पण पावलांनी साठ-पासष्ट मीटरवर.

तात्यांनी माझी बॅटरी बाभळीवर धरली. जवळचा ऊस पांढराफटक दिसला, पानांवरचं दव चमकलं, बाभूळ म्हणजे काहीतरी काळपट आकार. मग माझ्या खिशातली काढून भिंग बाहेर ओढून धरली. बाभळीची खोड-फांदी वेगळी दिसली. उजेड चौकोनी पडतो, एलईडीच्या चिपचीच प्रतिमा, कडा निळसर. दिसायला गावंढळ, पण दिसत होतं हे नाकबूल कसं करणार?

"पाइपाच्या तोंडाला अंगठा लावल्यावानी आहे बघ," तात्या म्हणाले. "पाणी कमी, पण लांब."

लुमेन आणि कँडेलामधला फरक याहून चांगला मला कारखान्यातल्या ट्रेनिंगला सांगता आलेला नाही. मोटर मिनिटाला किती पाणी फेकते ते लुमेन. एका दिशेला धार किती जोराची ते कँडेला. माझी छताची चाचणी पाणी हौदात भरून मोजत होती. तात्या धारेबद्दल बोलत होते.

पाच मीटर

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, अंधार पडल्यावर, गोठ्याच्या पडवीत धार मोजली. पडवी लांबलचक आहे. एका टोकाला मीटर, त्याच्यामागे काळं घोंगडं टांगलं म्हणजे भिंतीवरून परतलेला उजेड मिसळणार नाही. दुसऱ्या टोकाला बाकड्यावर बॅटरी. मधलं अंतर भिंगापासून मीटरच्या गोल पांढऱ्या टोपीपर्यंत टेपने बरोबर पाच मीटर.

एक मीटरच अंतर का नाही? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. त्यामुळे एका मीटरवर पाच सेंटिमीटरची चूक म्हणजे आकड्यात दहा टक्क्यांच्या आसपास चूक. तीच पाच मीटरवर दोन टक्के. शिवाय भिंगाचा किंवा एलईडीभोवतीच्या चकचकीत वाटीचा झोत नीट तयार व्हायला थोडं अंतर लागतं, फार जवळ मोजलं तर लांब मारणाऱ्या बॅटरीवर अन्याय होतो. बॅटरी हळूहळू डावी-उजवी, वर-खाली फिरवायची आणि सर्वांत मोठा आकडा टिपायचा. मोठ्या पुतणीने वही घेतली होती. ती आठवीत आहे आणि माझ्यापेक्षा नेटकी मांडणी करते.

बाजारची, झूम करून : 360 लक्स. पाचाचा वर्ग पंचवीस, त्याने गुणलं की 9000 कँडेला. माझी : 164 लक्स, म्हणजे 4100 कँडेला. छतावर जी साडेतीन पटींनी पुढे होती ती धारेत निम्म्याहून मागे.

यावरून झोताचा पल्लाही काढता येतो. अमेरिकेत 2009 साली एफएल-1 नावाचं बॅटऱ्या मोजायचं मानक आलं, नावाजलेले कंपनीवाले खोक्यावर त्याच्याच खुणा छापतात. त्यात पल्ला म्हणजे जिथे उजेड 0.25 लक्सवर येतो ते अंतर. 0.25 लक्स म्हणजे साधारण कोजागिरीचं चांदणं. हिशेब सोपा : कँडेलाचं वर्गमूळ घ्या, दुप्पट करा. बाजारची 190 मीटर, माझी 128. मात्र 190 मीटरवर काय दिसतं, तर चांदण्यात जे दिसेल तेवढंच. तिथे बसलेला प्राणी दगड आहे की कुत्रं आहे हे कोणी सांगणार नाही. डोळे चमकले तर गोष्ट वेगळी. बिबट्याच्या डोळ्यामागचा पडदा आरशासारखा उजेड आल्या वाटेने परत फेकतो, म्हणून अंग दिसत नाही तिथेही दोन ठिपके दिसतात. (गवतातले कोळीही तसेच चमकतात. नवखा माणूस त्याने फार घाबरतो.)

इथे मी थांबलो असतो तर प्रकरण संपलं असतं : माझी बॅटरी पसरट, बाजारची टोकदार, दोघांचंही खरं. पण मन खात होतं. 9000 आणि 4100 म्हणजे सव्वादोन पट. डोळा उजेडाला सरळ हिशेबाने दाद देत नाही. स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाच्या मोजणीप्रमाणे जाणवणारा लखलखाट साधारण घनमुळाने वाढतो. उजेड दुप्पट केला तर डोळ्याला सव्वापट वाटतो, आणि दुप्पट वाटायला आठपट लागतो. मग सव्वादोन पट फरकाला तात्या "उजेडच नाही" म्हणणार नाहीत. आणि मळ्यात मीही पाहिलं होतं, फरक सव्वापटीचा नव्हता.

दहावं मिनिट

उत्तर पुतणीच्या वहीतून आलं. तिने छताच्या चाचणीच्या वेळी मला विचारलं होतं, "काका, तीस सेकंदच का?" मी म्हटलं, मानक तसं आहे. एफएल-1 मध्ये लुमेनचा आकडा चालू केल्यावर तीस सेकंद ते दोन मिनिटांच्या आत घेतात. "मग मी पुढं लिहीत राहते," म्हणून ती अर्ध्या-अर्ध्या मिनिटाला आकडा टिपत बसली होती. मी चहा प्यायला गेलो होतो.

तिच्या वहीत माझी बॅटरी अशी होती : अर्ध्या मिनिटाला 22, दोनला 21, तीनला 21, साडेतीनला 20, चारला 15, पाचला 11, सहाला 9. मग 9, 9, 9, पानभर 9. बाजारची : 6, 6, 6, दहा मिनिटांनी साडेपाच, अर्ध्या तासाने साडेचार, तासाने अडीच.

बारा वॅट मुठीएवढ्या ॲल्युमिनियममध्ये जिरवायचे म्हणजे ते तापणारच. हात भाजू नये आणि चिप जळू नये म्हणून आतलं सर्किट करंट उतरवतं. यात फसवणूक नाही, चांगल्या बॅटरीचं ते लक्षण आहे. उतरल्यावर ती सव्वादोन तास एका पातळीवर चालली. पण खोक्यावरचा 1000 हा आकडा पहिल्या तीन-चार मिनिटांचा आहे, आणि विहीर दहा मिनिटांवर आहे.

त्यात तात्यांची धरण्याची पद्धत. थंडीत धातू गार लागतो म्हणून ते मफलरचं टोक हाताला गुंडाळून त्यात बॅटरी धरतात, म्हणजे वारा लागून निवायची तेवढीही सोय नाही. खोलीत टेबल फॅन समोर लावून पुन्हा मोजलं तर तीच बॅटरी नऊ मिनिटं 20 च्या वर राहिली.

मग मीटर आणि टेप घेऊन तिसऱ्या रात्री विहिरीवरच गेलो. तात्या दारातून बॅटरी लावून नेहमीसारखे आले, मफलरसकट. पंपाच्या खोलीपासून पाच मीटर मोजले. 67 लक्स. म्हणजे 1675 कँडेला, पल्ला 82 मीटर. बाजारची त्याच क्षणी 330 लक्स, 8250 कँडेला. फरक सव्वादोन पटीचा नव्हता, पाचपटीचा होता. तात्या जिथे उभे राहून बघत होते तिथे माझी बॅटरी मुळात 1000 लुमेनची नव्हतीच, 400 ची होती. पडवीत मी मोजत होतो ती दुसरीच बॅटरी म्हणायची.

एक गोष्ट कुठल्याच मीटरने पकडली नाही, ती तात्यांनी सांगितली. "जवळचा ऊसच इतका पांढरा पडतो की पुढचं दिसंना." पसरट झोतात पाच-सहा मीटरवरची पानं झळझळतात, डोळ्याची बाहुली त्यांच्यावर बेतून लहान होते, आणि साठ मीटरवरून परतणारा थोडासा उजेड तिला पुरत नाही. बारीक झोताच्या कडेला अंधार असतो, म्हणून डोळा मोकळा राहतो. धुकं असलं तर हे आणखी वाईट.

उलट बाजू वहिनींनी दाखवली. त्यांनी दोन्ही बॅटऱ्या अंगणात पायापुढे धरल्या. बाजारचीच्या निळसर चौकोनात वाळलेलं पाचट, माती आणि दोरी एकाच रंगाची दिसत होती, आणि चौकोनाबाहेर काहीच नाही. माझीच्या उजेडात चार पावलांची वाट दोन्ही कडांसकट दिसत होती. घोणस पाचटात पडली असेल तर कुठल्या उजेडात दिसेल, हे विचारायची गरज पडली नाही. भिंग आत ढकलून बाजारची पसरट करता येते खरी, पण मग ती 6 लक्सवाली, आणि तिचा सेल तासात मान टाकतो.

तेव्हा ठरलं ते असं. घरातून निघताना माझी बॅटरी मधल्या पातळीवर लावायची. छतावर ती 4 लक्स येते, पायाखाली ती भरपूर होते, आणि तेवढ्यावर ती कोमटसुद्धा होत नाही. विहिरीवर पोचल्यावर बटण दोनदा दाबून फुल करायची, बघायचं, परत खाली. थंड बॅटरी फुल केली की त्या क्षणी पूर्ण 4100 कँडेला मिळतात. लांबचं न्याहाळायला बाजारची गळ्यात. तिचा 31 ग्रॅमचा सेल मी काढून टाकला आणि चांगला सेल घातला, आणि तिच्यासोबत आलेला चार्जर भावाला दुकानातही ठेवू दिला नाही. सेल भरल्यावर तो बंदच होत नव्हता, 4.2 व्होल्टच्या वर चढताना मी मल्टिमीटरवर पाहिला.

तात्यांना हे पटायला दोन रात्री लागल्या. पहिल्या रात्री ते सवयीने दारातच फुल करून निघाले. पुतणी मागून ओरडली, "आजोबा, आत्ता नाही, विहिरीवर!"

चैत्रात मी गेलो तेव्हा तिने वहीचं नवीन पान दाखवलं. उन्हाळ्यात, फॅनशिवाय, माझी बॅटरी साडेतीन मिनिटांनी नाही तर दोन मिनिटं पन्नास सेकंदांनीच उतरायला लागते. शेजारी तिने एक रकाना वाढवला होता. त्यात खोलीचं तापमान होतं.